फाटकाबाहेरचा हिशेब: पुण्यातील व्यवस्थापकाने शाश्वतता आणि समाजव्यवस्था कशी समजून घ्यावी

चाकण, भोसरी, रांजणगाव किंवा हिंजवडी येथे एखाद्या विभागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडे शाश्वततेचा विषय बहुधा प्रश्नावलीच्या रूपाने येतो. मोठा ग्राहक वीज, पाणी, कचरा आणि कामगारांची सुरक्षितता यांविषयीची लांबलचक फाइल पाठवतो, उत्तरासाठी थोड्या दिवसांची मुदत देतो, आणि मग लेखा, मनुष्यबळ व देखभाल या तिन्ही विभागांच्या मागे लागून आकडे कसेबसे जमवले जातात. फाइल रवाना झाली की विषय मिटतो. माझे ठाम मत असे आहे की हे काम चुकीच्या टोकाकडून सुरू केले जाते. आपला व्यवसाय कोणत्या नदीच्या पाण्यावर, कोणत्या गावांच्या जमिनीवर, कोणाच्या श्रमांवर आणि कोणत्या सार्वजनिक सेवांवर चालतो, हे व्यवस्थापकाने आधी स्वतः पाहिले पाहिजे. अहवालातले आकडे त्यानंतर भरावेत, म्हणजे त्यांना अर्थ येतो. ते कसे पाहावे, याची एक पद्धत येथे मांडत आहे.

शाश्वत विकासाची सर्वांत परिचित व्याख्या १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने केली: आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का लागू नये. ज्याचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते त्या व्यवस्थापकाला ही भाषा दूरची वाटते. कायदा मात्र जवळ आला आहे. सेबी या नियामक संस्थेने शेअर बाजारातील बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले, आणि या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे तेच प्रश्न सरकवतात. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा वस्तूंच्या आयातीवर कार्बन सीमा शुल्क (वस्तू बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार) लागू केले असून, माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ पासून आणि शुल्काचा टप्पा जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. या यादीत पोलादी नट, बोल्ट आणि स्क्रूही येतात. म्हणजे भोसरीतल्या फास्टनर बनवणाऱ्या मध्यम कारखान्याने युरोपात माल पाठवला, तर त्याला आपले पोलाद कोणत्या कारखान्यात, कोणत्या पद्धतीने वितळले गेले याची विचारणा होणार आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर करावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. शाळेला संगणक देणे, टेकडीवर झाडे लावणे ही कामे चांगलीच आहेत. परंतु तो झालेल्या नफ्याच्या विनियोगाचा प्रश्न झाला. या लेखाचा विषय तो नफा कसा होतो हा आहे, आणि त्याची जबाबदारी सामाजिक निधी सांभाळणाऱ्या समितीकडे ढकलता येत नाही. खरेदी, उत्पादन, देखभाल आणि मनुष्यबळ सांभाळणाऱ्यांनीच ती पेलायची असते.

पाण्यापासून सुरुवात करावी

सुरुवात एकाच गोष्टीपासून करावी, आणि पुण्यात ती गोष्ट पाणी असावी असे मी सुचवेन, कारण पाण्याचा माग काढताना निसर्ग, शेती, शहर, प्रशासन आणि राजकारण हे सारे एकाच वाटेवर भेटतात.

मागील बारा महिन्यांची एमआयडीसीची (औद्योगिक विकास महामंडळाची) किंवा महापालिकेची पाणीपट्टी, टँकरची बिले आणि बोअरवेलच्या मोटरचे तास एका तक्त्यात मांडावेत. टँकरची बिले बहुधा ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली दडलेली असतात; ती मुद्दाम शोधावीत. मग अपेक्षित वापर काढावा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयांसाठी दरडोई, दररोज ४५ लिटर पाणी धरले जाते. समजा, आपल्याकडे ३०० माणसे काम करतात. तर माणसांच्या वापरासाठी दिवसाला १३,५०० लिटर पुरायला हवेत. प्रक्रियेसाठी, कूलिंग टॉवरसाठी आणि बागेसाठी लागणारे पाणी यात मिळवावे आणि बेरीज बिलाशी ताडून पाहावी. फरक मोठा निघाला, तर तो कोठे जातो हे शोधण्याची एक साधी सोय पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. येथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी रात्री शेवटची पाळी सुटल्यावर मुख्य मीटरचे वाचन घ्यावे आणि शुक्रवारी सकाळी पहिली पाळी सुरू होण्याआधी पुन्हा घ्यावे. कारखाना बंद असताना मीटर १८ घनमीटरने पुढे सरकले असेल, तर १८,००० लिटर पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून, भरून वाहणाऱ्या टाकीतून किंवा जमिनीखाली फुटलेल्या वाहिनीतून गेले आहे. ही गळती सुमारे तीस तासांची आहे; ती वर्षभर चालली तर जवळपास पन्नास लाख लिटर होते. एवढा हिशेब कोणत्याही सल्लागाराशिवाय, दोन दिवसांत, एका वहीत होतो.

ही गुरुवारची सुट्टीही विचार करण्याजोगी आहे. राज्यातल्या सर्व औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी बंद राहू नये आणि विजेची मागणी आठवडाभर समान पसरावी, म्हणून विभागवार वेगवेगळे वार ठरवले गेले. त्यामुळे हजारो कामगारांना मुलांच्या शाळेला सुट्टी असते त्या दिवशी सुट्टी मिळत नाही. वीज वितरणाच्या गरजेतून घेतलेला निर्णय घरातल्या नात्यांपर्यंत कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी व्यवस्थापकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आता फाटकाबाहेर पडावे आणि पाण्याच्या उगमाकडे जावे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि याच साठ्यातून कालव्याने हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांच्या शेतीला पाणी सोडले जाते. उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनावरून (कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळीवरून) ओढाताण होते ती यामुळेच. पिंपरी-चिंचवडचे बहुतांश पाणी पवना धरणातून येते. तेथून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर ती योजना वर्षानुवर्षे रखडली. पिंपरी-चिंचवड परिसरात काम करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाला हा इतिहास ठाऊक असला पाहिजे. आपल्या विस्तार प्रकल्पाच्या कागदांत ‘पाणीपुरवठा उपलब्ध’ एवढे दोन शब्द लिहिले जातात, त्यांच्या पाठीमागे नदीकाठी शेती करणारी आणि आपल्या वाट्याचे पाणी जाईल या भीतीने रस्त्यावर उतरलेली माणसे आहेत.

मग प्रवाहाच्या खालच्या बाजूला जावे. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते आणि उजनीच्या जलाशयात पोहोचते. तेथून सोलापूर जिल्ह्याची शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना चालतात. इंद्रायणीचे चित्र आणखी बोलके आहे. आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगताना अनेकदा दिसतो, आणि त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात, ते तीर्थ म्हणून तोंडात घेतात. या फेसामागे वरच्या भागातले घरगुती व औद्योगिक सांडपाणी आहे. व्यवस्थापकाने एक दिवस काढून आपल्या आवारातल्या पावसाळी गटारापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून नदीपर्यंत चालत जावे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची नोंदवही चोख असली, तरी कूलंटचे (यंत्रे थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पिंप कोठे धुतले जाते, कॅन्टीनचे तेलकट पाणी कोणत्या चेंबरमध्ये जाते आणि पहिल्या पावसात यार्डातले तेल वाहून कोठे पोहोचते, हे त्या नोंदवहीत नसते. ते चालतानाच दिसते. सोबत देखभाल विभागातला जुना फिटर असावा. जमिनीखालच्या वाहिन्यांचा खरा नकाशा बहुधा त्याच्याच डोक्यात असतो.

हजेरीपत्रक समाजाचा नकाशा म्हणून वाचावे

दुसरा माग माणसांचा. मागील वर्षाच्या हजेरीतून प्रत्येक आठवड्याची गैरहजेरी काढून एका लांब पट्टीवर मांडावी आणि तिच्याखाली पेरणी, आषाढी, गणपती, दिवाळी-छट, लग्नसराई, परीक्षा आणि मोठ्या पावसाचे दिवस लिहावेत. मराठवाडा-विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार आपल्या गावाशी, शेतीशी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी कसा बांधलेला आहे, ते या पट्टीवर दिसू लागते. ज्या गैरहजेरीला आपण बेशिस्त म्हणत होतो, तिचा बराचसा भाग आधी ओळखता येण्याजोगा असतो, आणि जे आधी ओळखता येते त्याची तजवीज करता येते.

काही गैरहजेरी मात्र ऋतूची नसते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड गाव आणि किरकटवाडी परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि तपासाची दिशा दूषित पाण्याकडे वळली. ही गावे २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली होती. लोकवस्ती आधी वाढली आणि सेवा मागून येत राहिल्या. पुण्याच्या चारही बाजूंना हेच चालले आहे. कारखाना किंवा आयटी पार्क येतो, शेजारच्या गावात खोल्यांच्या चाळी उभ्या राहतात, एकेका खोलीत चार-पाच जण राहतात, आणि ग्रामपंचायतीची पाणी योजना मूळ गावाच्या लोकसंख्येसाठी आखलेली असते. कामगार आजारी पडला की उत्पादनाच्या तक्त्यात केवळ ‘मनुष्यबळ कमी’ असे दिसते. म्हणून कंपनीच्या बसचे थांबे नकाशावर मांडावेत, जेथे सर्वाधिक माणसे उतरतात तेथे संध्याकाळी एकदा जावे, खोलीचे भाडे, पाण्याची वेळ, जवळचा दवाखाना आणि पाळणाघर यांची विचारपूस करावी. सोबत पर्यवेक्षक नेऊ नये. त्याच्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. सरपंचांना आणि आशा सेविकेला अवश्य भेटावे. गावातल्या आजारपणांचे आशाताईंना जे ठाऊक असते, ते आपल्या मनुष्यबळ विभागाला ठाऊक नसते.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत थोडी अधिक कसून पाहणी करावी लागते. ठेकेदाराच्या बिलासोबत आलेली भविष्यनिर्वाह निधीची आणि कर्मचारी राज्य विम्याची चलने केवळ फाइलला न लावता, त्यांतली नावे गेटवरच्या नोंदवहीशी ताडून पाहावीत. एका महिन्याच्या वीस नावांची तपासणी पुरेशी बोलकी ठरते. गेटवर नाव आहे आणि चलनात नाही, असे एक जरी आढळले, तरी त्या माणसाला अपघात झाल्यास त्याच्या घरावर कोणते संकट कोसळेल याचा विचार करावा आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराला बोलवावे. मुख्य मालक म्हणून कायदेशीर जबाबदारी आपल्यावर येतेच, परंतु ती भीती नसती तरीही हे काम करण्याजोगे आहे.

वीज आणि कचरा

विजेचा हिशेब पाण्याहून सोपा आहे, कारण मीटर जागेवर असतात. भारतातल्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो; महिन्याला एक लाख युनिटे वापरणाऱ्या कारखान्याच्या नावावर त्यामुळे सुमारे ७० टन जमा होतात. जनरेटरच्या डिझेलचे लिटरला सुमारे २.७ किलो वेगळे. सौर पॅनेलचा विचार करण्याआधी यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे जावे. गुरुवारी सगळी यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून शॉप फ्लोअरवर नुसते उभे राहिले, तरी हवेची गळती कानांना ऐकू येते. अनेक कारखान्यांत तयार हवेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक असाच वाया जातो, आणि दाब एक बारने कमी करता आला तर कॉम्प्रेसरच्या विजेत ६ ते ७ टक्के बचत होते.

पुण्यातल्या माणसाला विजेचा सामाजिक इतिहास शोधायला दूर जावे लागत नाही. मुळशीच्या धरणाने मुळेचे पाणी कोकणच्या बाजूला वळवले, त्यावर मुंबईसाठी वीज तयार झाली, आणि १९२१ मध्ये आपल्या जमिनी बुडणार म्हणून मावळे शेतकरी पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला उतरले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यातून मिळाली. उद्योगाच्या गरजेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आपल्या परिसरात शंभर वर्षांपासून विचारला जात आहे.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत टाकला गेला, आणि तेथल्या विहिरी व हवा बिघडल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. दुसऱ्या बाजूला कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला व्यवस्थापक भंगाराचे कंत्राट देताना केवळ किलोचा दर पाहणार नाही. त्याने वर्षातून एकदा आपल्या भंगाराच्या गाडीमागे शेवटच्या ठिकाणापर्यंत जावे. धातूचा चुरा, पुठ्ठा आणि लाकूड कोठे जाते ते पाहावेच, पण तेलाने माखलेली चिंधी, रंगाचा गाळ आणि वापरलेले कटिंग ऑइल अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच जाते ना, हे चलनावरचे वजन आणि आपल्या वजनकाट्याची पावती यांची जुळणी करून तपासावे.

खरेदीच्या टेबलावर काय बदलायचे

या साऱ्या पाहणीचा उपयोग निर्णयांत दिसला पाहिजे, आणि सर्वांत मोठा निर्णय खरेदी विभागात होतो. वाहन उद्योगात पुरवठादाराकडून दरवर्षी दरकपात मागण्याची रीत आहे. वीस-पंचवीस माणसांचा प्रेस शॉप (पत्रा दाबून सुटे भाग बनवणारे वर्कशॉप) चालवणारा उद्योजक ती कपात कोठून भरून काढतो, हे त्याच्या शेडमध्ये जाऊन पाहावे. पॉवर प्रेसवरचा, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सुरक्षा पडदा बंद करून ठेवलेला असतो, कारण तो चालू असला की तासाला नग कमी पडतात. बारा तासांची पाळी असते. प्रेसखाली बोट गेलेला कामगार बहुधा नव्याने लागलेला, कंत्राटी आणि दमलेला असतो. आपण वाचवलेले पैसे कोणाच्या हातातून आले, याचे उत्तर त्या शेडमध्ये मिळते, आणि व्यवस्थापकाने ते पाहून मान फिरवू नये.

म्हणून तीन बदल सुचवतो. दरकपात मागताना पुरवठादाराची मजुरी, वीज आणि कच्च्या मालाचा खर्च मांडून बसावे आणि कपात कोणत्या सुधारणेतून येणार हे लेखी ठरवावे. सुधारणा नसेल तर कपात मागू नये. पुरवठादाराच्या भेटीच्या नमुन्यात गुणवत्तेच्या रकान्यांइतकेच महत्त्व प्रेसचे सुरक्षा कवच, कामाचे तास आणि सांडपाणी यांना द्यावे. आणि बिल वेळेवर द्यावे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावीत, असे २००६ च्या कायद्यात आहे. ज्याचे पैसे चार-चार महिने अडकतात त्याच्याकडून सांडपाणी प्रकल्पाची आणि सुरक्षा उपकरणांची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही. मला या तिन्हींपैकी एकच निवडायला सांगितले, तर मी वेळेवर पैसे देणे निवडेन, कारण त्यासाठी कोणतेही प्रशिक्षण लागत नाही आणि परिणाम पुढच्याच महिन्यात दिसतो.

आपल्या कारखान्यातही मासिक आढाव्याच्या तक्त्यात चार ओळी वाढवाव्यात: प्रति नग पाणी, प्रति नग वीज, कंत्राटी कामगारांसह सर्वांचे अपघात व थोडक्यात टळलेले अपघात, आणि ४५ दिवसांहून जुनी देणी. या ओळी उत्पादन आणि नफ्याच्या तक्त्यातच असाव्यात. वेगळ्या सादरीकरणात गेल्या की त्यांच्यावर चर्चा होत नाही. नवे यंत्र घेताना किमतीच्या तुलनेत दहा वर्षांची वीज व पाणी धरावे आणि पुण्यात येत्या काळात पाणी महागच होणार हे गृहीत धरावे.

ग्राहकाची प्रश्नावली आता हाती घ्यावी. प्रत्येक आकड्यासमोर तो मीटरचा आहे, बिलाचा आहे की अंदाजाचा, असे स्पष्ट लिहावे. अंदाज लपवून दिलेला आकडा पुढच्या वर्षी आपल्यालाच अडचणीत आणतो. अंदाज म्हणून प्रामाणिकपणे दिलेला आकडा पुढच्या वर्षी मीटर बसवून सुधारता येतो.

पाहणीची पहिली फेरी मे महिन्यात ठेवावी. त्या वेळी धरणांतला साठा तळाला जात असतो, टँकरचे दर चढलेले असतात आणि अनेक कामगार गावी गेलेले असतात, त्यामुळे आपण कशाकशावर अवलंबून आहोत हे एकाच वेळी दिसते. दुसरी फेरी जुलैत, जोराच्या पावसात करावी आणि त्या वेळी गटार, ओढा आणि कामगारांच्या वस्तीकडे जाणारा रस्ता एवढेच पाहावे. दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी एकाच वहीत ठेवाव्यात, आणि आपली बदली झाली तर ती वही नव्या व्यवस्थापकाच्या हाती स्वतः द्यावी.